शाल, नारळ आणि दत्तूची पाठ

मी लेझीम आहे. जुनी, आणि एका चकतीने कमी. मित्रांनो, तुमच्या शाळेत पंधरा ऑगस्टला ज्या हलक्या, रंगीत लेझिमी वाटतात, त्यांच्यातली मी नव्हे. माझा दांडा सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या सुताराने घडवला आणि साखळी त्याच गावच्या लोहाराने ओवली. जत्रेत मी पहिल्यांदा वाजले. पुढे गावातली तरणी माणसे माथाडी कामासाठी नवी मुंबईत आली, तेव्हा अंथरुणाच्या वळकटीत बांधून त्यांनी मलाही आणले.

तेव्हापासून मी नेरूळला आहे. आमच्या सेक्टरात एका बाजूला माथाडींची बैठी घरे आहेत, दुसऱ्या बाजूला टॉवर आणि मध्ये समाजमंदिर. दिवसभर कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोणी वाहणारी माणसे शिवजयंतीच्या आधी संध्याकाळी मला हातात घ्यायची. त्यांत दत्तूचा हात मला सगळ्यात आवडायचा. तो जोराने हलवायचा नाही, नेमका हलवायचा. हलगीवाला त्याच्याकडे बघून ताल बदलायचा. खाली बसून एका झटक्यात उठताना त्याची पाठ सरळ झाली की बघणारे बोलायचे थांबत.

मग मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर आले आणि माझी रवानगी समाजमंदिराच्या कपाटात झाली. तिथे ओल होती, उंदरांच्या लेंड्या होत्या, कुणीतरी ठेवून विसरलेला, कुजलेल्या हारांचा ढीग होता. त्या वासाने मला शिसारी यायची. पण कपाटातली घाण निदान आपण स्वच्छ आहोत असे म्हणत नव्हती. तसे म्हणणारी घाण मी पुढे एका मे महिन्यात पाहिली.

त्या वर्षी एका संस्थेने समाजमंदिरात मुलांचे शिबिर भरवले. मुलांमधले नेतृत्व जागवायचे आणि त्यांची मने खंबीर करायची, असा त्याचा उद्देश बाहेरच्या फ्लेक्सवर लिहिला होता. फ्लेक्सवर मुले नव्हती. हात बांधून उभे राहिलेल्या, संस्थेच्या अभिराम सरांचा फोटो होता. टॉवरमधली मुले आली आणि माथाडींची मुलेही आली. ‘दोन्हीकडची मुले एका वर्तुळात’ असे सर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मुलांना त्याचे काही वाटत नव्हते. ती पहिल्याच दिवशी एकमेकांच्या डब्यात हात घालू लागली होती.

सकाळी सर मुलांना आरशासमोर उभे करून ‘मी लीडर आहे’ असे म्हणायला लावत.

“लीडर, तुझी चेन उघडीये,” टॉवरमधली ईश्वरी एका मुलाला म्हणाली, आणि तो आठवडाभर लीडर या नावानेच ओळखला गेला.

शिबिर सांभाळायला सोनलताई होती. तिने कपाट उघडून मला बाहेर काढले, ओल्या फडक्याने पुसले आणि मुलांना गोल बसवले.

“ही ज्याच्या हातात, तो बोलणार,” ती म्हणाली. “बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. हसायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. आणि इथलं इथेच राहणार. प्रॉमिस?”

“प्रॉमिस,” मुले म्हणाली.

“ताई, तो मोबाईल चालू आहे का?” ईश्वरीने खिडकीकडे बोट दाखवले. खिडकीत स्टँडवर मोबाईल लावलेला होता.

“अगं, ते संस्थेसाठी आहे. कोणाला दाखवायचं नसतं ते.”

मित्रांनो, हातात धरलेली लेझीम कधी गप्प राहू शकत नाही. हात थरथरला की चकत्या किणकिणतात. त्या वर्तुळात मी फिरले आणि कितीतरी हातांची थरथर वाजवून दाखवली. मग मी राजनंदिनीच्या हातात आले. ती सातवी संपवून आठवीत जाणारी मुलगी, दत्तूची. तिला ते कुणी सांगितले नव्हते, पण ज्या जागी तिच्या वडिलांच्या मुठीने माझा दांडा गुळगुळीत झाला होता, तिथेच तिने मला धरले होते.

“माझे पप्पा मार्केटला आहेत,” ती म्हणाली. “त्यांची पाठ गेलीये. त्यांना गोणी उचलत नाही. टोळीतले काका त्यांच्या वाटच्या गोणी उचलतात आणि पप्पा फाटक्या गोण्या शिवत बसतात. घरी आले की बाथरूममध्ये नळ सोडून रडतात. मम्मी म्हणते, तुला काय ऐकू येत नाही. मला येतं.”

कुणी हसले नाही. ईश्वरीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी राजनंदिनीने दोन वेळा उपमा मागून घेतला, खेळताना भांडली, जोरात हसली. ते वर्तुळ तिला लाभले होते, हे मी मान्य करते. म्हणूनच पुढचे सांगताना माझ्या चकत्यांना गंज चढल्यासारखे होते. तिचे बोलणे मी इथे सांगते आहे, कारण ते नंतर सगळ्या सेक्टराने ऐकले. त्यात झाकण्यासारखे आता काही उरलेले नाही.

टोळीचे काम कसे चालते, ते तुम्हाला माहीत असायला हवे. टोळीतले सगळे मिळून गाड्या खाली करतात, मजुरी एकत्र जमते आणि ती सगळ्यांत सारखी वाटतात. एखाद्याला उचलत नसेल, तर त्याचे ओझे बाकीच्यांच्या पाठीवर जाते. दत्तूच्या पाठीचे टोळीत सगळ्यांना ठाऊक होते. त्यांचा मुकादम सिताराम, त्यालाही ठाऊक होते. पण कुणी ते तोंडाने म्हटले नव्हते. म्हटले नव्हते, म्हणून मुकादमाला त्यावर काही करावे लागत नव्हते. दत्तूच्या घरची चूल त्या न बोलण्यावर चालू होती.

शिबिराचा समारोप समाजमंदिरातच झाला. मोठा पडदा लावला होता. दत्तूला निरोप गेला होता की मुलीचे कौतुक आहे, पहिल्या रांगेत बसा. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. त्याच्या शेजारी राहीबाई, त्याची बायको, नव्या साडीत. पोरीचे कौतुक म्हणून सितारामसकट अख्खी टोळीही आली होती. शेवटी मुलांची लेझीम होती आणि राजनंदिनी पुढे राहणार होती. त्यामुळे मी तिच्या हातात, स्टेजच्या कडेला, विंगेत होते.

आधी फिल्म लागली. पियानोचे रडवे संगीत सुरू झाले. पडद्यावर राजनंदिनीचा चेहरा भिंतीएवढा मोठा झाला आणि ती बोलू लागली, पाठ, गोण्या, नळ, सगळे. खाली अक्षरे उमटत होती, ज्याला ऐकू आले नाही त्याने वाचावे म्हणून. ‘नळ सोडून रडतात’ या शब्दांना वेगळा रंग दिला होता. मागच्या रांगेत कुणीतरी डोळे पुसले. जिच्या हातात मी होते, तिच्या मुठीत माझ्या चकत्या वाजू लागल्या.

फिल्म संपताच अभिराम सर माईकवर आले. “अशा धाडसी मुलीला घडवणाऱ्या वडिलांचा आपण सत्कार करणार आहोत. दत्तूभाऊ, या वर.”

आपल्याकडे सत्काराला नाही म्हणता येत नाही. नाव पुकारले की माणूस उठतो. दत्तू उठला. त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि सवयीने तो नमस्काराला वाकला. वाकल्यावर त्याचा चेहरा कसा झाला ते मी पाहिले. फोटो काढणाऱ्याने ‘इकडे बघा’ म्हटले.

“दोन शब्द बोला,” सर म्हणाले.

दत्तूने माईक धरला. त्याची नजर टोळीवर होती.

“माझी पाठ बरी हाय,” तो म्हणाला. “पोरगी ल्हान हाय, तिला कळत न्हाय. माझी पाठ बरी हाय.”

सर हसले. “भाऊ, लाजू नका. भावना व्यक्त करणं हीच खरी ताकद.”

दत्तूने नारळ खाली ठेवला. स्टेजच्या कोपऱ्यात एक मोठा स्पीकर उभा होता. तो त्याच्यापाशी गेला, पाठ वळवून गुडघ्यांत बसला आणि गोणी घेतात तसा तो पाठीवर घेतला. मग उठला. शाल एका बाजूने लोंबत होती. स्पीकरची वायर ताणली जाऊन निघाली. स्टेजच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो चालत गेला आणि स्पीकर सावकाश खाली ठेवला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, त्यांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला.

“याला म्हणतात जिद्द,” सर ओरडून म्हणाले, कारण माईक बंद पडला होता.

दत्तू स्पीकरशेजारी तसाच बसून राहिला. त्याला उठता येत नव्हते. टोळीतल्या कुणी टाळी वाजवली नव्हती. सिताराम मान खाली घालून स्वतःच्या चपलांकडे बघत होता. राजनंदिनी मला हातात घेऊनच धावली. तिने एका बाजूने आणि राहीबाईने दुसऱ्या बाजूने त्याला उचलले. तिघे उतरत असताना हलगी सुरू झाली, कारण पुढचा कार्यक्रम लेझीमचा होता आणि हलगीवाल्याला कुणी थांबवले नव्हते. ईश्वरीने आपली लेझीम स्टेजवर ठेवली आणि ती खाली उतरली. काही मुले तिच्यामागून उतरली. बाकीची मुले नाचली. अर्ध्या राहिलेल्या रांगांत, मोकळ्या जागा सोडून नाचली, आणि त्यालाही टाळ्या पडल्या.

मी त्यांच्या घरी आले ती अशी, कुणी न मागता. दत्तूने मला ओळखले. त्याने मला खिळ्याला अडकवले.

संस्थेने ती फिल्म रात्रीच इंटरनेटवरच्या आपल्या पानावर टाकली होती. दुसऱ्या संध्याकाळी सिताराम आला. राहीबाईने चहा ठेवला. त्याने कप बशीत तसाच ठेवला.

“मला म्हाईत न्हवतं व्हय, दत्तू?” तो म्हणाला. “पण आता दुसऱ्या टोळ्या इचारत्यात. म्हंत्यात, तुमच्यात बसून खानारा ठेवलाय. मोबाईलवर सगळ्यांनी बघितलंय. मी काय सांगू त्यान्ला?”

“काय सांगू नगंस,” दत्तू म्हणाला. “चा घे.”

“घेतो की.”

चहा पिऊन झाला. दत्तूची टोळीतली जागा दुसऱ्याला गेली. आता तो उलव्याला एका नव्या इमारतीच्या गेटवर खुर्चीत बसतो. पाठीला टेकू मिळतो, असे तो म्हणतो. टोळीतले लोक रस्त्यात भेटले की तो दुसऱ्या बाजूने जातो.

ईश्वरी काही मुलांना घेऊन सोनलताईकडे गेली होती. त्या सगळ्यांनी मिळून ती फिल्म संस्थेच्या पानावरून काढायला लावली. मग सोनलताई स्वतः या घरी आली. “आमचा हेतू चांगला होता हो, वहिनी,” ती दारात उभी राहून म्हणाली. “इतक्या लोकांनी लिहिलं, ‘आम्हाला रडू आलं’ म्हणून.”

“रडू आलं ना? मग झालं तुमचं,” राहीबाई म्हणाली. “आता दार सोडा, मला पानी भरायचंय.”

कपाटातल्या कुजलेल्या हारांचा वास मला सोनलताईच्या वाक्याने आठवला. मुलाच्या पोटातले दुःख बाहेर काढायचे, त्याला संगीत लावायचे, ते बघून आपण रडायचे आणि आपण किती हळवे आहोत म्हणून खूश व्हायचे, या प्रकाराला माझ्या गावच्या लोहाराकडेही शब्द नव्हता, आणि तो शिव्यांसाठी प्रसिद्ध होता.

राजनंदिनी मात्र बोलायची थांबली. विचारले तर ‘हो’, ‘नाही’, ‘जेवले’. शाळा सुरू झाली, बाईंनी प्रश्न विचारला की ती उभी राहते आणि खाली बसते, असे त्याच शाळेतल्या ईश्वरीने राहीबाईला सांगितले. बापाची जागा गेली ती आपल्या तोंडामुळे, असे तिने ठरवून टाकले होते. दत्तूने एकदा तिला जवळ बसवून म्हटले, “नंदे, तुझं काय चुकलं न्हाय.” तिने मान हलवली आणि भांडी घासायला गेली. त्या घरात आता नळ सोडला, की तिघेही गप्प होतात.

मित्रांनो, मी लाकूड आणि लोखंड आहे. मला तेल लावा, ओलीपासून जपा, एवढे मागून मी माझी गोष्ट संपवू शकले असते. पण माझे फारसे बिघडत नाही. गंज घासला की निघतो. तुम्ही मोठे व्हाल, कुणी सर व्हाल, कुणी ताई व्हाल, मुलांना गोल बसवाल. जरूर बसवा, त्याने बरे वाटते, मी पाहिले आहे. फक्त कुणी तुमच्यापाशी पोट उघडले, तर ते हातात धरून गावभर फिरवू नका. शाल घातली म्हणून ते झाकले जात नाही.

ईश्वरी रोज दुपारी इथे येते. आधी काही दिवस ती गप्पा मारत असे, मग तिने तेही सोडले. आता ती मोबाईल घरी ठेवून येते, राजनंदिनीच्या शेजारी बसते आणि दोघी लसूण सोलतात, किंवा काहीच करत नाहीत. काल राहीबाई बाजारात गेली होती, दत्तू कामावर होता. टोपलीतला लसूण संपला, तरी ईश्वरी उठली नाही. बऱ्याच वेळाने राजनंदिनी बोलू लागली. हळू, अडखळत, आणि मग खूप वेळ. ईश्वरीने मध्ये एकदाही तिला थांबवले नाही.

ती काय बोलली, ते मी तुम्हाला सांगणार नाही.