खरखरीत अडकलेलं यान

मी एक जुना रेडिओ आहे. सेनगावजवळच्या एका तांड्यात, थावरा आबांच्या ओसरीवर, खुंटीला लटकलेला असतो. मागचं झाकण कधीच हरवलं, त्यामुळे माझे सेल रबराने बांधलेत. पण मित्रांनो, आवाज अजून खणखणीत आहे आणि नाटकातलं मला कळतं, हे आधीच सांगून ठेवतो.

भजनं, बाजारभाव, बातम्या, सगळं माझ्यातून गेलं. पण माझी खरी शान म्हणजे रविवार दुपारची ‘ध्रुवापल्याड’ ही विज्ञाननाटिका. किती वर्षं चालली विचारू नका. आबांची नात सुनिता मांडीवर बसून ऐकायची, ती आता दहावीत आहे. तेव्हा अख्खी आळी ओसरीवर जमायची. पुढे घराघरात मोबाईल आले आणि उरले आम्ही तिघं.

मी ऐकवलेल्या शेवटच्या भागाबद्दल माझं मत सांगू? कप्तान निलमचं काम करणारी बाई हुंदका न देता रडते. असलं रडणं माझ्या स्पीकरमधून कधी गेलं नव्हतं. शास्त्रज्ञ मात्र फळ्यावर लिहिल्यासारखा बोलतो, कंटाळा येतो. यानाच्या दाराचा आवाज म्हणजे कुठल्या तरी कपाटाची बिजागरी आहे, ते मी केव्हाच ओळखलंय. पण शेवट! यान काळ्या पट्ट्यात शिरतं, पृथ्वीचा आवाज तुटतो आणि मग नुसती खरखर. संगीतसुद्धा नाही. एवढं धाडस या मालिकेने आधी कधी केलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आबांनी मला लावलं. खरखर. त्याच्या पुढच्या रविवारीही खरखर. आबा मात्र खूश.

“पाह्य, अजून पट्ट्यातच हाय यान.”

“आबा, ते केंद्रच बंद झालंय,” सुनिता म्हणाली. “मोबाईलवर बातमी आली न्हाई का?”

“तुझ्या मोबाईलला काय कळतंय? माझा आजा बैलांवर मीठ लादून लदेणी घेऊन जायचा. म्होरक्या बैलाची घंटा ऐकू येईना झाली, की मागच्यांनी बैल जागीच थांबवायचे. हाललं की चुकामूक. घंटा येते बराबर.”

“आन न्हाई आली तर?”

“तर थांबायचं. तुला काहून एवढी घाई?”

सुनिताने मोबाईलवर मालिकेचा शेवट शोधला, नाही मिळाला. तांड्यात फोनवर आवाज तुटतो, म्हणून मग सेनगावला जाऊन केंद्राच्या जुन्या नंबरवर फोन लावला. केंद्रावर उरलेल्या कुणीतरी उत्तर दिलं, पुढचा, मालिकेचा शेवटचा भाग रेकॉर्डच झाला नाही; हे मला नंतर, आबा झोपल्यावर ओसरीवर झालेल्या बोलण्यातून कळलं. ती तांड्यात परतली तेव्हा आबा माझ्या जाळीला कान लावून बसले होते.

“काय म्हनले ते?”

ती थोडा वेळ चप्पल काढत राहिली. “चालू हाय म्हनले, आबा.”

मित्रांनो, आता मी म्हणायला हवं की आम्हा जुन्या वस्तूंना जपा. पण मला कुणी टाकलेलं नाही. रोज पुसतात, सेल बदलतात. पलीकडे केंद्रावर बोलणाराच कुणी जपला नाही, तर नुसत्या मला जपून काय होणार? जमलं तर त्याला जपा. इथे ते जमलं नाही.

आबा आता फारसे उठत नाहीत. रविवारी सुनिता मला त्यांच्या उशाशी ठेवते, काटा त्याच केंद्रावर असतो. कुणी बोललं तर आबा हात वर करून गप्प करतात.

मी खरखरतो. ते थांबलेत.