तिसऱ्या गाण्यातली टकटक

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. रेकॉर्ड म्हणा हवं तर, त्याचा मला राग नाही. राग येतो तो कुणी 'खराब' म्हटलं की. माझ्या अंगावर एक ओरखडा आहे, आणि त्याची गोष्ट सांगायलाच आज तोंड उघडलंय.

मला गाऊन भरलं तिघा भावांनी. दिवसभर ते गॅरेजात गाड्या दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी तिथंच गिटारी काढून बसायचे. त्यांच्या गाण्याला आल्टर्नेटिव्ह कंट्री म्हणतात. कंट्री म्हणजे गिटारवरची साधी, गावाकडची गाणी, आणि हे त्याच घरातलं हट्टी कार्टं. कंट्रीवाले म्हणत, हे आमचं नव्हे. रॉकवाले म्हणत, आमचंही नव्हे. त्यामुळे आम्ही मोजक्याच निघालो. बऱ्याच जणींना भावांच्या नातेवाइकांनी नेलं, आणि त्यांनी एकदा तरी वाजवलं असेल असं मला वाटत नाही.

मी फिरत फिरत एका शिंप्याच्या दुकानात आले आणि माझं नशीब उघडलं. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून मागच्या खोलीत चौघं जमायची. शिंपीदादा, बसचा ड्रायव्हर, लायब्ररीतल्या बाई आणि रिटायर झालेले पोस्टमनकाका. ज्यांचं नावही कुणी ऐकलेलं नाही अशाच रेकॉर्डी ह्यांना हव्या असत. नियम एकच होता. सुई उचलेपर्यंत कुणी बोलायचं नाही. सुई उचलली की मात्र विचारू नका.

"ही कंट्री नाहीच," ड्रायव्हर म्हणायचा. "ह्यांचं स्पीकरचं डबडं बिघडलंय, दुसरं काही नाही."

"बिघडलेलं नाही, मुद्दाम बिघडवलंय," बाई म्हणायच्या. "तुला कान आहेत की नुसते चष्मा अडकवायला ठेवलेत?"

काका वादात पडायचे नाहीत. "परत लावा," एवढंच म्हणायचे. मला ते फार आवडायचे.

आता ओरखड्याचं. शिंपीदादा मला पुसायला दुकानातलीच मऊ चिंधी घ्यायचे. एकदा त्या चिंधीत टाचणी राहिली होती. त्यांनी अगदी मायेनं हात फिरवला आणि मी कळवळले. माझं तिसरं गाणं एका ट्रकवाल्याचं आहे. तो पहाटे निघतो आणि बायको दारातून म्हणते, 'थांब जरा'. त्या दिवसापासून सुई तिथंच अडकायला लागली. थांब जरा, थांब जरा, थांब जरा. दादा ओशाळून नुसते बघत राहिले. तेव्हा काकांनी बोटं दुमडून टेबलाच्या कोपऱ्यावर टकटक केलं. जन्मभर लोकांची दारं वाजवली त्याच सवयीनं. सुई सुटली आणि गाणं पुढं गेलं.

"टपाल आहे," काका म्हणाले. नियम मोडून सगळी हसली. तेव्हापासून ते काम काकांचंच झालं. ते बाथरूमला गेले तरी बाकीची तिघं अडलेलं गाणं ऐकत त्यांची वाट बघत बसायची.

पुढं ड्रायव्हरला परगावी जुन्या सामानात माझीच दुसरी प्रत मिळाली. कोरी करकरीत. मी खालच्या फळीवर गेले, बटणांच्या डब्यांशेजारी. पहिल्याच रविवारी तिसऱ्या गाण्याला काकांचा हात सवयीनं उठला. गाणं न अडता निघून गेलं. काकांनी त्या हातानं कान खाजवला.

"छान आहे. स्वच्छ आहे," ते म्हणाले.

मित्रांनो, माझंच गाणं, माझाच आवाज, आणि मी डब्यांच्या आड. फार एकटं वाटायचं. एकदा सगळ्यांच्या आधी काका आले, मला बाहेर काढून धुळीवर फुंकर मारली आणि म्हणाले, "आपण दोघं रिटायर." मग मला जागेवर ठेवलं. तो त्यांचा शेवटचा हात. पावसाळा संपता संपता काका गेले.

काही रविवार नुसतेच गेले. मग एका दुपारी अर्ध्या शटरखालून वाकून काकू आत आल्या.

"मला ह्यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण हे इथं काय ऐकायचे, ते एकदा ऐकायचंय."

पाहुण्यांना चांगलंच द्यावं म्हणून दादांनी नवी लावली. काकू मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. तिसरं गाणं झालं, चौथं सुरू झालं, तशा त्या गोंधळल्या.

"अडलं नाही?"

दादांनी सुई उचलली.

"हे दर रविवारी अर्ध्या जेवणावरून उठायचे," काकू म्हणाल्या. "म्हणायचे, मी गेलो नाही तर तिसरं गाणं अडून बसेल, मलाच ते सोडवावं लागतं. आजारी पडायच्या आदल्या रविवारीसुद्धा तेच म्हणून निघाले. मग त्यांचं इथं काही काम नव्हतं का?"

ड्रायव्हर जमिनीकडे बघत होता. बाईंनी चष्मा काढला. माझा जीव टांगणीला लागला.

"काकू, चुकून दुसरीच लावली," शिंपीदादा म्हणाले. "त्यांची ही नव्हे."

त्यांनी मला काढलं. चिंधी दोनदा झटकली, उलटीसुलटी चाचपली, मगच पुसलं. सुई टेकली. किती दिवसांनी! तिसऱ्या गाण्यात मी नेहमीच्या जागी अडले. थांब जरा, थांब जरा.

"इथं ते टेबल वाजवायचे," बाई हळूच म्हणाल्या. "आम्ही कुणी हात लावत नाही."

काकूंचा हात कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. मी म्हणत राहिले, थांब जरा, थांब जरा. त्या ऐकत राहिल्या. कुणी घाई केली नाही. मग त्यांनी डोळे पुसले, म्हणाल्या, "बरं, जा आता," आणि दोनदा टकटक केलं.

गाणं पुढं गेलं.

मित्रांनो, तबकडी कडेनं धरावी, उभी ठेवावी, उन्हात टाकू नये, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. एखादी वस्तू अडते म्हणून बाजूला सारण्याआधी, ती अडल्यावर उठून कोण येतं तेवढं बघा. काकू आता दर रविवारी येतात. कधी त्यांना उशीर होतो. मग तिघं दुसऱ्या गाण्यानंतर सुई उचलून ठेवतात आणि शटरकडे बघत बसतात.