झडतीची वेळ

“वेळ काय टाकू, साहेब?” गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून मी विचारलं.

“अटक आणि झडती, दोन्ही दहा वीस. तो गाडीच्या दारातच उभा होता, असं लिही. घे ना सांभाळून, मास्तर.”

घडलं होतं वेगळंच. जुन्या मारामारीच्या वॉरंटावर या गाडीच्या ड्रायव्हरला दहा वीसला धरलं आणि बेड्या घालून आमच्या जीपमध्ये कोंडलं. मग वीस मिनिटांनी साहेबांनी सहज त्याच्या गाडीची डिकी उघडली. आत दवाखान्यातून चोरलेली चार यंत्रं! माणूस गाडीपाशी असेल तर अटकेबरोबर झडती घेता येते. त्याला कोंडल्यावर मात्र वेगळी परवानगी लागते. ती नव्हती.

हा साहेब आणि मी एकाच दिवशी पोलिसात भरती झालो. कायदा त्याने माझ्याच वहीतून पाठ केला, म्हणून मी मास्तर. खात्याच्या परीक्षेत तो पहिल्या फटक्यात पास, मी तीनदा नापास. तोंडाने साहेब म्हणायचो, पण त्याच्या खांद्यावरचे तारे डोळ्यांत खुपायचे. घरी बायकोचंही उठता-बसता ‘जरा भाऊजींकडे बघा’ चालू. आता या यंत्रांवर त्याला बढती मिळणार. माझा नुसता जळफळाट झाला.

मी खरं लिहिलं. अटक दहा वीस, झडती दहा चाळीस. त्याने नेहमीसारखी न वाचताच सही ठोकली.

कोर्टात झडती बाद झाली. ड्रायव्हर त्याच गाडीत बसून घरी गेला. ‘असे प्रामाणिक कर्मचारी दुर्मिळ,’ न्यायाधीश माझ्याबद्दल म्हणाले. बायकोने माहेरी फोन करकरून ते सगळ्यांना सांगितलं. आधीच्या साहेबांसाठी मी कागदावर किती वेळा घड्याळ पुढेमागे केलं होतं, ते तिला कुठे ठाऊक होतं?

साहेबाची बढती हुकली, वर बदली आली. कार्यभार सोडल्याचा कागद लिहायला त्याने मलाच बोलावलं. चार शिव्या देईल, मग मीही ऐकवीन, अशा तयारीने मी गेलो.

“चुकलं माझं, मास्तर,” तो म्हणाला. “तुला खोटं लिहायला सांगायलाच नको होतं. तू कुणासाठीही लिहिलं नसतंस.”

मी कागद पुढे ओढला.

“वेळ काय टाकू, साहेब?”

“खरी टाक.”

घड्याळ समोरच्याच भिंतीवर होतं. मला काटे नीट दिसेनात.