मुकी पांढरी पाच

मी एक जुना पियानो आहे. चर्चच्या डाव्या कोपऱ्यात, खिडकीपासून हातभर अंतरावर उभा असतो. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंही असेल, पण बहुतेक फुलदाणीचं टेबल म्हणून.

माझा जन्म एका सुताराच्या शेडमध्ये झाला. दोनशेहून जास्त तारा माझ्या पोटात ताणून बसवल्या, आणि तेव्हापासून मी घटकाभरही सैल बसलेलो नाही. बाहेरून साधं लाकडी कपाट, आत सगळी ओढाताण. तरुणपणी माझं फार कौतुक झालं. कितीतरी लग्नं मी वाजवली, कितीतरी जणांना शेवटचा निरोप दिला. मग मला वाजवणाऱ्या बाई म्हाताऱ्या होऊन गेल्या आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. मंडळी माझ्याविना, एका सुरात गाऊ लागली. माझ्या झाकणावर फुलदाणी आली. ती कुठूनशी झिरपत होती. पाणी आत उतरलं, लाकूड फुगलं आणि मधोमध, जराशी डावीकडे असलेली माझी पांढरी पाच ही पट्टी, त्या सप्तकातली पाचवी पांढरी, मुकी झाली. दाबली की ठक् करून खाली जायची आणि रुसलेल्या पोरासारखी तिथेच बसून राहायची.

अशात सुईताई आल्या. गल्लीच्या टोकाला त्यांचं शिवणकामाचं दुकान. पियानो त्या पुस्तकात बघून, स्वतःच्या स्वतः शिकल्या होत्या. त्यांनी फुलदाणी उचलून खिडकीत ठेवली, पदराने माझं झाकण पुसलं आणि ठरवलं की मंडळीतल्या काही जणांचा गायकवृंद जमवायचा आणि सगळ्यांत जुनं गीत उंच ते खोल अशा चार थरांच्या आवाजांसाठी आणि माझ्यासाठी नव्याने बांधायचं.

त्यांची रीत शिंपिणीची. आधी मापं. दर बुधवारी संध्याकाळी दुकान बंद करून त्या येत आणि एकेकाला माझ्याजवळ उभं करून गळा किती वर जातो, किती खाली उतरतो ते वहीत टिपून घेत. नर्सबाईंचा आवाज सगळ्यांत उंच, वॉचमनकाकांचा सगळ्यांत खोल. मापं झाल्यावर त्यांनी गीत मुळापेक्षा एक स्वर चढवून लिहिलं. त्याचं कारण मी होतो. मूळ उंचीवर पांढरी पाच हाच घरचा सूर, प्रत्येक ओळ शेवटी तिथेच येऊन टेकायची. एक स्वर चढवला की त्या मुक्या पट्टीला बोट लावायची गरजच नव्हती. पियानो दुरुस्त करणारा लांबच्या शहरात, बोलावलं तरी यायला वर्ष लावायचा, तोवर थांबायला वेळ नव्हता.

वेळ नव्हता, कारण मास्तर. पहिल्या बाकावरचे निवृत्त शिक्षक. हे गीत त्यांना आजोबांकडून तोंडी मिळालेलं.

"आहे ते साधं राहू दे," ते सुईताईंना म्हणाले. "त्याला झालरी लावू नकोस."

"झालर नाही मास्तर, अस्तर लावतेय."

"एक सूर जरी चुकला तरी मी उठून जाईन. आणि मी उठलो की मागचे चार बाक उठतात, हे तुला ठाऊक आहे."

ते खरंच होतं. चर्चची उपासना चालवणाऱ्या पाळकांनी म्हणूनच एकच रविवार दिला होता. मंडळी नाराज झाली तर गायकवृंद बंद आणि मी मागच्या अडगळीच्या खोलीत. सुईताईंचं इतक्या बुधवारांचं काम त्या एका गीतावर उभं होतं.

रविवार उजाडला. साडेसातला सगळे जमले, आठला उपासना. सुईताईंनी शेवटचं कडवं गाऊन घ्यायला सांगितलं. उंच स्वर आला आणि नर्सबाईंचा आवाज फाटला. परत घेतलं, परत फाटला. दुसऱ्या दोघीही तिथवर पोचेनात.

सुईताईंचा चेहरा उतरला. मापं सगळी संध्याकाळची होती. दिवसभर बोलून-हसून मोकळे झालेले ते गळे. सकाळी साडेसातला तेच गळे आखडलेले असतात, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. कपडा उन्हाळ्यात मापून हिवाळ्यात स्वेटरवरून घालायला द्यावा, तशी गत.

बाक भरू लागले. मास्तर येऊन बसले, काठी गुडघ्यांमध्ये उभी धरून.

"एक स्वर खाली घेऊया," सुईताई हळूच म्हणाल्या. "मी वाजवताना मनातल्या मनात उतरवते."

माझ्या तारा आणखी ताणल्यासारख्या झाल्या. मित्रांनो, एक स्वर खाली म्हणजे पुन्हा मूळ उंची. म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी तीच मुकी पांढरी पाच. त्यांनाही ते कळत होतं. त्या वॉचमनकाकांकडे वळल्या.

"काका, ओळ संपताना हा पियानो गप्प बसणार. तेवढा सूर तुम्ही धरायचा. जमेल?"

"अहो, रात्रभर फाटक धरतो मी. सूर काय!"

गीत सुरू झालं. पहिलं कडवं पार पडलं. दर ओळीच्या शेवटी सुईताईंचं बोट त्या पट्टीवरून अलगद उचललं जाई आणि तिथे काकांचा आवाज येई. दुसरं कडवंही निभावलं. शेवटच्या कडव्यात आवाज चारही दिशांना फाकले, नर्सबाईंचा सूर सुरेख वर गेला, आणि नेमका तेव्हाच काकांना खोकला आला. त्यांनी तोंडावर रुमाल दाबला. शेवटची ओळ जवळ येत होती. आता सगळं गाणं जिथे टेकायचं, तिथे भोक पडणार होतं.

पहिल्या बाकावर काठी वाजली. मास्तर उभे राहिले. मागचे चार बाक हलले. सुईताईंनी ते पाहिलं, पण त्यांची बोटं थांबली नाहीत.

ओळ संपली. मी गप्प होतो. आणि त्या गप्प जागेत मास्तरांचा जुना, खरखरीत, पण नेमका सूर येऊन बसला. मागचे चार बाक त्यांच्या मागोमाग उठले आणि तोच सूर गाऊ लागले.

उपासना संपल्यावर मास्तर माझ्यापाशी आले.

"काकांचा सूर तुटला तसा मी जायलाच उठलो होतो," ते सुईताईंना म्हणाले. "पण आजोबांचं गाणं असं अर्ध्यावर सोडून कसा जाऊ?" मग जरा थांबून म्हणाले, "त्या दुरुस्तीवाल्याचा पत्ता दे. पत्र मी लिहितो."

तो आला. दिवसभर माझं पोट उघडून बसला. आता माझी पांढरी पाच खणखणीत बोलते.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, सभागृहात, एखाद्या काकांच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल. त्याच्यावर पाण्याचं काही ठेवू नका. आठवड्यातून एकदा झाकण उघडून त्याच्या सगळ्या पट्ट्या, अगदी टोकाच्यासुद्धा, दाबून पाहा. एखादी गप्प असेल तर त्याला जुना म्हणून कोपऱ्यात ढकलू नका. कुणा मोठ्याला सांगा, आणि तो म्हणाला की बघू नंतर, तर दुसऱ्या दिवशी परत सांगा. आम्हाला स्वतःहून हाक मारता येत नाही.