चौथा तारा

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी निळी पाटी आहे आणि सध्या पोलीस ठाण्याच्या मालखान्यात, जप्त केलेल्या वस्तूंमध्ये पडून आहे. माझी कीव करू नका. मी इथे एका माणसाला बुडवून आले आहे आणि त्याचा मला आनंद आहे.

माझा जन्म इंदूरच्या मल्हारगंजात, दगडू पेंटरच्या दुकानात झाला. हवाई दलाचे उपप्रमुख एका दिवसासाठी आपल्या गावी, म्हणजे इंदूरला यायचे होते. त्यांच्यासाठी ठरवलेल्या गाडीला त्यांचा हुद्दा सांगणारी ताऱ्यांची पाटी हवी होती. दगडूचे आजोबा जवळच्या महू छावणीत, फौजेत होते, त्यामुळे त्याला असले नियम तोंडपाठ. त्याने माझ्यावर मोजून तीन तारे काढले आणि त्याच्या बायकोने, गयाबाईने, माझ्या मापाची खोळ शिवली. साहेब गाडीत नसले की पाटी झाकायची, अशी रीत आहे.

साहेब आले. समारंभात कुणीतरी त्यांना ‘हवाई दलाचे प्रमुख’ म्हटलं. बाहेर गाडीवर मी भोंग्यातून त्यांचं उत्तर ऐकलं. “प्रमुख दिल्लीत आहेत. मी दुसरा. ते नसले की सगळं दल सांभाळायचं आणि ते आले की एक पाऊल मागे सरायचं, हे माझं काम.” पुढे ते मल्हारगंजात आपल्या शाळेतल्या जुन्या बाईंना भेटायला उतरले, तेव्हा चालकाला म्हणाले, “खोळ घाला. मी उतरलो, आता ही नुसती गाडी आहे.”

माझ्या आयुष्यातला खरा दिवस तेवढाच.

गाडीचा मालक होता श्रीकृष्ण. साहेब गेल्यावर दगडू मला परत मागायला गेला. श्रीकृष्णने खोळ तेवढी त्याच्या हातात कोंबली आणि हसत म्हणाला, “रहने दो दगडूजी, पाटी आपल्या कामाची आहे.” तेव्हापासून तो मला लग्नाच्या गाड्यांवर लावू लागला. माझ्यामागे नवरदेव बसत, आणि पोलीस गर्दी हटवून वाट करून देत. मला संताप येई, पण पत्र्याची पाटी करणार काय?

मग तो बुधवार आला. खजराना गणपतीच्या मंदिरापाशी दर्शनाची गर्दी होती. आमच्या गाडीसाठी पोलिसाने सगळा रस्ता रोखून धरला. अडवलेल्या एका रिक्षात दगडू होता आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून गयाबाई धापा टाकत होती. दवाखाना गाठायला दगडू ओरडून वाट मागत होता. मग त्याची नजर माझ्यावर पडली. आपल्याच हातचे तारे त्याने ओळखले. आत बसलेला नवरदेव फोनवर स्वतःचे फोटो काढत होता.

गयाबाई वाचली नाही. हे मला महिन्याभराने कळलं. रंग उडाला म्हणून श्रीकृष्ण मला दगडूकडे घेऊन आला, तेव्हा दुकानाच्या भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो होता. श्रीकृष्णने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मी त्या क्षणी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही.

“दगडूजी, पार्टी मोठी आहे. एक स्टार और टाकून द्या.”

“भिया, साहेबांचे तीनच होते.”

“अरे, चार जास्त शोभतील नं.”

“सोच लो. पक्का?”

“एकदम पक्का.”

दगडूने फोटोकडे पाहिलं आणि ब्रश उचलला. तीन ताऱ्यांचे अधिकारी दलात आणखीही असतात, म्हणून कुणी फारसं निरखून बघत नाही. चार तारे मात्र खुद्द प्रमुखांचे. ब्रशचा पहिला फटकारा बसला तेव्हाच मला दगडूचा डाव उमगला. माझ्या अंगावर खोटेपणा चढत होता आणि मी तो सुखाने चढू दिला.

वरात महूला निघाली. छावणीच्या नाक्यावर हवालदाराने चार तारे पाहून कडक सलाम ठोकला. प्रमुख तर परदेश दौऱ्यावर आहेत, हे त्याने सकाळीच टीव्हीवर पाहिलं होतं. त्याने खाली वाकून आत पाहिलं, तर मागे मुंडावळ्या बांधलेला नवरदेव. पुढच्या सीटवरून श्रीकृष्णला ओढून काढलं, तेव्हा त्याचा चेहरा मी डोळे भरून पाहिला. गाडी जप्त झाली आणि तो तुरुंगात गेला.

माझी ओळख पटवायला दगडूला ठाण्यात बोलावलं. इन्स्पेक्टर प्रेमलताजींनी विचारलं, “चौथा तारा तुम्हीच काढला?”

“हो मॅडम. विचारून काढला.”

“काय होणार ते माहीत नव्हतं?”

“माझे आजोबा फौजेत होते,” दगडू म्हणाला.

त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. त्याचं काय करायचं ते कोर्ट ठरवेल. दगडूने खिशातून जुनी खोळ काढली, त्यांची परवानगी घेतली आणि माझ्यावर चढवली.

मित्रांनो, तारे लावलेली गाडी आली तर वाट जरूर द्या, पण आत कोण बसलंय तेही बघा. आणि तुमच्या हाती कधी अशी पाटी आली, तर उतरताना ती झाका. मला पस्तावा नाही. गयाबाईच्या हातच्या टाक्यांखाली मी आता शांत पडून आहे.