बाकडं रिकामं आहे का?

कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयात मी रोज सकाळी दहाला जातो. माझ्या डोक्यावर गेली अकरा वर्षं कापण्याजोगं काही नाही, हे दुकानदाराला ठाऊक आहे आणि मलाही. दोघांनीही हा विषय कधी काढलेला नाही. आरशासमोर एक खुर्ची, भिंतीला तिघांपुरतं बाकडं. डाव्या टोकाला मी, मध्ये निवृत्त पोस्टमास्तर आणि उजवीकडची जागा गिऱ्हाइकाला. मास्तर दोन महिन्यांतून एकदा केस कापून घेतात आणि तेवढ्या जोरावर मला फुकट्या म्हणतात.

समोर नवं चकचकीत सलून आलं. तिथे फोनवरून वेळ ठरवता येते. आमच्या दादांची, म्हणजे दुकानदाराची, गिऱ्हाइकं एकेक करून रस्ता ओलांडायला लागली. तेव्हा त्यांची मुलगी दोन आठवड्यांची रजा घेऊन आली. ती संगणकातली.

"बाबा, दुकान टिकवायचं असेल तर गर्दी आहे की नाही, ते लोकांना घरबसल्या दिसलं पाहिजे."

तिने आरशाच्या वर कॅमेरा बसवला, वायर राउटरला जोडली आणि कॅमेऱ्याला सर्व्हरचा पत्ता, नाव, पासवर्ड, फोल्डर असं सगळं नीट भरवलं. दर दहा मिनिटांनी एक फोटो सर्व्हरवर जाणार आणि तिथून लोक तो फोनवर बघणार. चाचणीचं बटण दाबलं, तर फोटो जाईना.

"सर्व्हर आत घेतोय," ती पुटपुटली, "पण फोल्डरमध्ये काही ठेवू देत नाही."

"माझ्या सासुरवाडीला हीच पद्धत होती," दादा म्हणाले.

"आईला सांगू?"

"तू आधी त्या फोल्डरचं बघ."

तिने फोल्डरला परवानगी दिली आणि पहिला फोटो गेला. त्यात माझा आ वासलेला होता आणि मास्तरांची करंगळी कानात होती.

आठवडा झाला. गिऱ्हाईक वाढायचं राहिलं बाजूला, होतं तेही आटलं. मुलीने सगळे फोटो ओळीने लावून बघितले आणि कपाळावर हात मारला. सकाळच्या प्रत्येक फोटोत बाकड्यावर दोघं बसलेले! घरी फोन बघणारा म्हणणार, आधीच दोन नंबर आहेत, चला समोर.

ती दादांच्या कानात काहीतरी बोलली. एरवी दादा भांग पाडतानाही राजकारण समजावून सांगतात. त्या दिवशी त्यांनी बराच वेळ कात्रीला तेल दिलं आणि मान वर न करता म्हणाले, "म्हणजे, काही दिवस जरा..."

वाक्य तिथेच राहिलं. आम्ही उठलो.

"तुझ्यामुळे हे," बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले. "मला निदान केस तरी आहेत."

घरी बायको म्हणाली, "झाली वाटतं अकरा वर्षांची कटिंग?"

मग मी घरी बसून फोनवर दुकान बघायला लागलो. पहिले दोन दिवस खुर्ची भरलेली, उजवीकडे कोणीतरी वाट बघत बसलेलं. मला आनंद झाला. घशाखाली उतरत नव्हता, एवढंच.

तिसऱ्या दिवशी अकराच्या फोटोत दुकान रिकामं होतं. अकरा दहाच्या फोटोत दादा बाकड्यावर माझ्या जागी बसले होते आणि थेट कॅमेऱ्याकडे बघत होते. अकरा वीसला शेजारी दोन कप चहा आला. अकरा तीसला दादांनी पेपर कॅमेऱ्यासमोर धरला होता. आम्ही तिघं मिळून सोडवतो ते शब्दकोडं. एकही चौकोन भरलेला नव्हता.

मी मास्तरांना फोन लावला. "फोटो बघितलात का?"

"अर्ध्या वाटेवर आहे मी. तू कुठे मेलायस?"

दारात पाऊल टाकताच दादा पेपरामागून म्हणाले, "या. दाढी की कटिंग?"

"कटिंग," मी म्हणालो.

"बसा. नंबर आहे."

दुकानात दुसरं कोणीही नव्हतं. मी माझ्या जागी बसलो. चहा गार झाला होता. आम्ही तो तसाच प्यायलो.

मुलगी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसली होती. तिनेही ते फोटो बघितले असणार. तिने कॅमेऱ्याची सेटिंग उघडली आणि माउसने बाकड्याच्या डाव्या दोन जागांवर एक काळा चौकोन ओढला.

"हे कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"जे दाखवायचं नाही, ते झाकायची सोय असते कॅमेऱ्यात."

"सभ्य भाषेत सांग."

"काका, तुम्ही आता फोटोत दिसणार नाही. बसा हवं तितकं."

तेव्हापासून लोकांना फोनवर खुर्ची दिसते आणि उजवीकडची जागा दिसते. ती रिकामी असली की येतात. दुकान बरं चाललंय. परवा एका नव्या गिऱ्हाइकाने खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, "तुमच्या फोटोत तो काळा चौकोन कसला हो?"

दादांची कात्री थांबली नाही. "जुनं फर्निचर आहे. हलवता येत नाही."

मास्तरांनी मला कोपराने ढोसलं. "ऐकलंस? तुला म्हणतोय."