फळ्यावरची भरती

सुनेने सहलीसाठी वही केली होती. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘फुकट ते आधी, स्वस्त ते नंतर, महाग ते लांबून.’ त्याखाली चार दिवसांचं सगळं. खोली समुद्रासमोरची नको, मागच्या गल्लीतली, लॉन्ड्रीच्या वरची. किनाऱ्यावर छत्री-खुर्ची भाड्याने घ्यायची नाही. आपली छत्री, आपली जुनी चादर. पाण्याच्या बाटल्या खोलीवरच भरायच्या. दुपारचं खाणं डब्यातून. टेकडीवरचा सूर्यास्त फुकट. संग्रहालय गुरुवारी दोन वाजेपर्यंत फुकट, पुढे तिकीट. आणि दीपगृह: होडी नको, सकाळी वाळूची वाट उघडी असते, चालत जाता येतं.

हे शेवटचं खोलीवालीने जिन्यात सांगितलं होतं, आणि सुनेने तिथेच कठड्यावर वही टेकवून लिहून घेतलं होतं.

“आई, ही श्वास घेण्यातही काटकसर करायला लावेल,” मुलगा मला म्हणायचा. पण हसत म्हणायचा. पाच वर्षांनी आम्ही घराबाहेर पडलो होतो ते त्या वहीमुळे, हे त्यालाही ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी आम्ही किनाऱ्यावर आलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. मुलाचा घोटा आदल्या संध्याकाळी टेकडीवर मुरगळला होता. “फुकटच्या सूर्यास्ताने पाय घेतला माझा,” तो म्हणाला. सुनेने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य त्याने गिळलं. मग असं ठरलं की त्याने आणि मी छत्रीखाली सामान सांभाळत बसायचं, आणि सुनेने नऊ वर्षांच्या नातीला घेऊन दीपगृह पाहून यायचं. नातीला आम्ही भिंगरी म्हणतो. ती एका जागी दिसली तर आधी तिच्या कपाळाला हात लावून पाहावं.

दीपगृह समोरच होतं, एका काळ्या खडकावर. किनाऱ्यापासून तिथपर्यंत ओल्या वाळूची पट्टी गेली होती, तीन-चारशे पावलांची. पट्टी सुरू होते तिथे दगडी ओटा आणि त्यात रोवलेल्या खांबावर एक फळा.

सून खाली वाकून भिंगरीच्या चपलांचे बंद आवळत होती. मान वर न करता ती म्हणाली, “आई, त्या फळ्यावर काय लिहिलंय बघता का जरा?”

मी एकसष्टाव्या वर्षी अक्षरं शिकले. भिंगरीच्या पहिलीच्या पुस्तकातून, एकाच पानावर दोघींनी बोटं ठेवून. तिचं बोट पुढे पळायचं, माझं मागे रेंगाळायचं. सुनेने तोवर मला कधी काही वाचायला सांगितलं नव्हतं. डॉक्टरची चिठ्ठी असो की विजेचं बिल, ती माझ्या हातातून अलगद काढून घ्यायची. “राहू द्या आई, मी बघते.” ओढून घेतली असती तर मी भांडले असते. अलगद काढून घेणाऱ्याशी भांडता येत नाही.

मी फळ्याकडे पाहिलं. मोठा शब्द एकच होता, आणि त्यासाठी मला अक्षराला अक्षर जोडावं लागलं नाही. तो मी अक्षरं शिकण्याच्या तीस वर्षं आधीपासून ओळखत होते. बाटल्या धुण्याच्या कारखान्यात बायका हव्या असल्या की पहारेकरी फाटकावर पाटी लावायचा. त्यावर हाच शब्द आणि खाली वेळ. आम्हाला कोणालाच वाचता येत नव्हतं, पण भ चं वेटोळं, र ची वाकडी काठी आणि ती च्या डोक्यावरची वेलांटी लांबूनही कळायची. जिला आधी कळलं ती आधी पळायची.

भरती. खाली, दुपारी १.४०. त्याखाली बारीक अक्षरांची आणखी एक ओळ होती, खाऱ्या हवेने खाल्लेली. थांबले असते तर लावली असती. पण वेळ लागला असता, आणि मग सून उठून म्हणाली असती, राहू द्या आई.

“काही नाही,” मी म्हणाले. “नोकरीची पाटी आहे. माणसं घेतायत कामाला. दुपारी.”

“ते आपल्याला नको,” सून म्हणाली, आणि दोघी निघाल्या. तिने आपला फोनसुद्धा माझ्याकडे दिला. पाण्यात पडला तर नवा घ्यावा लागेल म्हणून.

समुद्राला भरती येते हे मी ऐकलं नव्हतं असं नाही. पण आमच्यापासून समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर. ऐकलेला शब्द आणि पाहिलेला शब्द माझ्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहत होते, आणि मधलं दार कधी उघडलंच नव्हतं.

बाराच्या सुमाराला एक होडीवाला आमच्या सावलीच्या कडेला येऊन टेकला. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला. त्याची इंजिनाची होडी पाण्याच्या काठाशी वाळूवर होती.

“गिऱ्हाईक नाही वाटतं आज?” मुलाने विचारलं.

“सकाळी सगळे पायी जातात, साहेब. मला दुपारी विचारतात.”

मला त्याची कीव आली. म्हटलं, “मग त्या नोकरीला का नाही उभे राहत? तिथेही कोणी दिसत नाही रांगेत.”

“कुठली नोकरी, मावशी?”

“फळ्यावर लिहिलंय की. भरती. एक चाळीसला.”

तो मोठ्याने हसला. मांडीवर थाप मारून मुलाला म्हणाला, “साहेब, तुमची आई म्हणजे कमाल आहे! समुद्रात नोकरी लावते मला!” आणि हसता हसताच त्याचा चेहरा बदलला. त्याने खडकाकडे पाहिलं, मग आमच्या चार जणांच्या डब्यांकडे.

“तुमचं कोणी पलीकडे आहे का?”

मुलगा उठून उभा राहिला. घोटा विसरून.

“ऐका,” होडीवाला म्हणाला. तो आता होडीकडे चालत होता आणि आम्ही त्याच्या मागे. “पाणी समोरून येत नाही. दोन्ही अंगांनी येतं. वाट मधोमध खोलगट आहे, ती आधी जाते, आणि तिथे ओढ असते. खडकावर असतील तर काही भीती नाही, दीपगृहाच्या पायऱ्यांना पाणी लागत नाही. फक्त वाटेवर उतरायला नकोत.”

“उतरेल ती,” मुलगा म्हणाला. “दोनपर्यंत संग्रहालय फुकट आहे.”

मी पट्टीकडे पाहिलं. सकाळी बैलगाडी जाईल एवढी रुंद होती, आता मध्ये कमरेच्या पट्ट्यासारखी आवळली होती. पलीकडच्या टोकाला, पायऱ्यांवरून, पिवळी टोपी उतरत होती. भिंगरीची. तिच्यामागे सून, हातात चपला घेतलेली.

मुलगा ओरडला. दोनदा, तीनदा. वारा आमच्याकडे वाहत होता, त्याची हाक त्याच्याच तोंडात परत येत होती.

“ओरडू नका, होडी ढकला!” होडीवाल्याने त्याला खांद्याला धरून फिरवलं. “मला खडकाला वळसा घालून यावं लागेल. मध्ये दगड आहेत. दहा मिनिटं तरी.”

पिवळी टोपी वाळूवर आली होती. भिंगरी पुढे, उड्या मारत. तिला पाण्यात पाय ओले होताहेत याची मजाच वाटत असणार.

मी चादर उचलली आणि फळ्याच्या ओट्यावर चढले. माझे गुडघे जिना चढताना मला दहा वेळा विचारतात. त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही. खांबाला एका हाताने धरून मी चादर फडकवली. फडकवत राहिले. पिवळी टोपी थांबली. भिंगरीने हात हलवला, टाटा करतात तसा, आणि पुन्हा चालू लागली.

मग मी चादर टाकली आणि खांब सोडला.

बाटल्यांच्या कारखान्यात बोललेलं ऐकू येत नसे. दिवसभर काचेवर काच. म्हणून आम्हा बायकांच्या खुणा होत्या. दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली की बाटल्यांचा सरकता पट्टा थांबव. दोन्ही तळवे छातीपासून पुढे ढकलले की मागे सर, काच फुटली आहे. भिंगरीला त्या सगळ्या येत होत्या. घरी सून फोनवर बोलत असली की आमच्या गप्पा तशाच चालायच्या. आणि एक नियम होता, तो मी तिला शिकवला होता: जिला खूण कळली तिने तीच खूण परत करायची. परत आली नाही तर कळली असं धरायचं नाही.

मी डोक्यावर फुली केली. हात तसेच ठेवले.

भिंगरी थांबली. सून तिच्यापर्यंत पोचली, तिच्या पाठीवर हात ठेवून पुढे चल म्हणू लागली. मला तिचं तोंड हललेलं दिसत नव्हतं, पण ती काय म्हणत असेल ते ठाऊक होतं: आजी खेळतेय, चल, उशीर होतोय.

भिंगरीने दोन्ही हात वर केले आणि फुली केली.

मी तळवे ढकलले. मागे. मागे. काच फुटली आहे.

सुनेने तिचा दंड धरला. भिंगरी खाली बसली. सरळ पाण्यात बसली, बाजारात हट्ट करतात तशी, आणि बसल्या बसल्या तिने तळवे पुढे ढकलले. सून तिला उचलायला वाकली, आणि वाकली म्हणूनच तिला पाणी दिसलं असावं. कारण ती तशीच अर्धवट थांबली. मग पुढे पाहिलं. त्यांच्या आणि माझ्या मधे आता वाळू नव्हतीच.

तिने भिंगरीला काखोटीला मारलं आणि ती वळली. चपला सुटून वाहत गेल्या. पायऱ्यांपर्यंत पन्नास पावलं असतील. पाणी तिच्या पोटऱ्यांना होतं, मग गुडघ्यांना. एकदा ती एका बाजूला गेली, हात पाण्यात टेकला, पिवळी टोपी नाहीशी झाली. मी अजून तळवे ढकलत होते. खांब धरायचं भान मला नव्हतं. मग टोपी पुन्हा दिसली, आणि दोघी पायरीवर बसलेल्या दिसल्या.

होडीवाल्याने त्यांना आणलं. भिंगरी होडीतूनच ओरडत होती, “आजी, मी पट्टा थांबवला!” सुनेचे ओठ पांढरे पडले होते. तिने भाड्याचं विचारलं तेव्हा होडीवाला म्हणाला, “येतानाचंच द्या, ताई. जाताना तुम्ही फुकट गेलात.”

“तुम्हाला कळलं कसं, आई?” सुनेने मला विचारलं.

“आईनेच वाचवलं,” मुलगा म्हणाला. होडीवालाही मान हलवत होता. तिथेच गप्प बसले असते तर निभावलं असतं.

“फळ्यावर भरती लिहिलंय,” मी म्हणाले. “मी तुला नोकरी सांगितली.”

ती फळ्यापाशी गेली. ओल्या बोटाने बारीक ओळीवरून फिरत तिने मोठ्याने वाचलं, “वाट दोन तास आधी बंद.” मग माझ्याकडे वळली. “ही ओळ?”

“ती वाचली नाही. वेळ लागला असता.”

“किती?”

“दोन मिनिटं.”

“मग लावायची होती ना दोन मिनिटं! मी थांबले नसते का?” ती किंचाळली. लोक बघायला लागले. “अगं,” मुलगा म्हणाला, तर त्यालाही बजावलं, “तुम्ही मध्ये पडू नका!”

इतक्या वर्षांत ती माझ्यावर पहिल्यांदा ओरडली. मी खाली मान घालून ऐकून घेतलं.

मुलाच्या लंगड्या चालीने संग्रहालयात पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. सुनेने वही न काढता चार तिकिटं घेतली. पहिल्याच काचेच्या पेटीत जुनी होडी होती आणि खाली पाटी. मुलगा पुढे सरकला, भिंगरी तर केव्हाच पुढे गेली होती. सून पेटीपाशी थांबली. तिचे कपडे अजून ओलेच होते.

“वाचा,” ती मला म्हणाली.

मी वाचलं. होडीचं नाव, लाकूड, लांबी. वेळ लागला. संपलं म्हणून पाऊल उचललं, तर ती जागची हलली नव्हती.

“खालचं बारीक पण,” ती म्हणाली.